एका खात्यात दोघांचे म्हातारपण

नवी मुंबईतल्या वाशी, नेरुळ, खारघरच्या सोसायट्यांमधून गेली काही वर्षे एक सल्ला फिरतो आहे. आरोग्य विम्याचा हप्ता भरू नका. तेवढीच रक्कम दरमहा म्युच्युअल फंडाच्या एसआयपीत टाका. आजारी पडलात तर त्यातून बिल भागवा, नाही पडलात तर साठीला तीच तुमची पेन्शन. एका दगडात दोन पक्षी. हा सल्ला देणारे अडाणी नसतात. ऐरोली-महापेच्या आयटी पार्कांत नोकरी करणारे, घरखर्चाची एक्सेल शीट वर्षानुवर्षे जपणारे, मनापासून विचार करणारे लोक असतात. त्यांच्याकडे परदेशी दाखलाही तयार असतो. अमेरिकेत हेल्थ सेव्हिंग्ज अकाउंट नावाचे खाते असते, एचएसए म्हणतात त्याला. तिथले लोक त्यावर म्हातारपणाची तजवीज करतात. मग आपल्या सरकारने तसे खाते का काढू नये, आणि सरकार काढत नाही तोवर आपणच घरच्या घरी का काढू नये, असा त्यांचा सवाल.

सवाल रास्त आहे. उत्तर मात्र 'काढू नये' असेच आहे. या सल्ल्याला आजवर मिळालेली उत्तरे बहुतेक विमा एजंटांची आहेत, आणि एजंटाच्या तोंडून आलेले खरेही लोकांना खोटे वाटते. त्यात लोकांचा दोष नाही. म्हणून ज्याला कोणाला पॉलिसी विकायची नाही अशा माणसाने हा हिशेब एकदा मांडायला हवा.

आधी दाखलाच तपासू. एचएसए जन्माला आले डिसेंबर २००३ मध्ये, अध्यक्ष जॉर्ज बुश यांनी सही केलेल्या एका कायद्यातून. त्या कायद्याचा मुख्य विषय बचत हा नव्हताच. पासष्टीपुढच्या अमेरिकनांना सरकारी विमा देणाऱ्या मेडिकेअर योजनेत औषधांचा खर्च आणणे, यासाठी तो कायदा झाला. म्हणजे अमेरिकेने हे खाते दिले ते म्हाताऱ्यांचा विमा वाढवणाऱ्या कायद्यातच. आपल्याकडे दाखला देताना कागदाची ही बाजू दुमडून ठेवली जाते.

दुसरी दुमडलेली बाजू याहून महत्त्वाची. हे खाते वाटेल त्याला उघडता येत नाही. आधी आरोग्य विमा असावा लागतो. तोही विशिष्ट प्रकारचा, ज्यात सुरुवातीचा खर्च खिशातून करायचा आणि त्यावरच्या खर्चाला विमा लागू व्हायचा. २०२५ साली खिशातून करायचा हा खर्च एकट्या माणसाला किमान १,६५० डॉलर आणि कुटुंबाला किमान ३,३०० डॉलर असला तरच तो विमा एचएसएला पात्र ठरत होता. खात्यात वर्षाला टाकता येत होते ते एकट्याला ४,३०० आणि कुटुंबाला ८,५५० डॉलर. थोडक्यात, विमा आहे म्हणून खाते आहे. विमा जिथे पोहोचत नाही तेवढी फट बुजवायला ते काढले. विमा काढून टाकून नुसते खाते ठेवायचे, ही कल्पना अमेरिकेच्या कायद्यात कुठेही नाही. ती आपली, अस्सल देशी आहे.

मग 'निवृत्तीचे खाते' ही कीर्ती त्याला कशामुळे मिळाली? करामुळे. खात्यात टाकलेल्या रकमेवर केंद्राचा प्राप्तिकर नाही, वाढीवर नाही, उपचारासाठी काढली तरी नाही. पासष्टीच्या आत दुसऱ्या कामाला काढली तर कर आणि वर २० टक्के दंड. पासष्टीनंतर दंड सुटतो, फक्त नेहमीचा कर राहतो. चतुर माणसांनी यातून युक्ती शोधली. आज डॉक्टरांचे बिल खिशातून भरायचे, पावती फायलीला लावायची, खाते शेअर बाजारात वाढू द्यायचे आणि वीस वर्षांनी जुन्या पावत्या दाखवून तेवढी रक्कम करमुक्त उचलायची. युक्ती कायदेशीर आहे आणि, खरे सांगायचे तर, सुंदर आहे. पण ती कोणाला जमते? ज्याला आजचे बिल खिशातून भरणे जड जात नाही, त्याला. बाकीच्यांचे खाते येते आणि जाते. त्यातली रक्कम बाजारात गुंतवणारे खातेदार तिथेही अल्पसंख्यच आहेत. न्यू जर्सीच्या एडिसनमधल्या भाच्याचा दाखला देणाऱ्यांनी त्या भाच्याला एकदा राज्याच्या कराबद्दलही विचारावे. कॅलिफोर्निया आणि न्यू जर्सी, आपले निम्मे नातेवाईक जिथे राहतात ती दोन राज्ये, आपल्या प्राप्तिकरात या खात्याला सवलत देत नाहीत.

खरी गोम पासष्टीला आहे. अमेरिकन माणूस त्या वयाला पोहोचला की मेडिकेअर सुरू होते. दहा वर्षे नोकरी करून कर भरला असेल तर रुग्णालयाच्या भागाला हप्ताही पडत नाही. मोठे बिल दुसरा कोणीतरी भरणार हे ठरलेले असते, म्हणूनच खात्यात साठलेली रक्कम 'उरलेली' म्हणता येते आणि उरली म्हणून ती पेन्शन होते. नेरुळच्या माणसाचे उलटे आहे. कंपनीचा गट विमा अठ्ठावन्न-साठीला, निवृत्तीच्या दिवशीच संपतो. गुडघे, हृदय, साखर, मोतीबिंदू हे सगळे एकदम हजेरी लावायला लागतात त्या वयात त्याच्या पाठीशी उरते ते फक्त त्याचे खाते. त्यातले काय 'उरणार' आणि कोणासाठी?

सिंगापूरचेही नाव निघते. तिथे १९८४ पासून मेडिसेव्ह नावाचे सक्तीचे आरोग्य बचत खाते आहे. या विचाराचे माहेरच म्हणा. पण माहेरच्यांनी पुढे काय केले तेही पाहा. अवघ्या सहा वर्षांत, १९९० मध्ये, त्यांना मेडिशिल्ड हा विमा जोडावा लागला, कारण एखादा मोठा आजार आयुष्यभराचे खाते पिऊन टाकतो हे दिसून आले. ज्यांच्या खात्यातही पैसे नाहीत आणि ज्यांचा खर्च विम्यातही बसत नाही अशांसाठी १९९३ मध्ये मेडिफंड आला. २०१५ मध्ये मेडिशिल्डचा विमा प्रत्येक नागरिकाला आणि कायम रहिवाशाला जन्मभरासाठी सक्तीचा झाला. खात्यावर जगात सर्वांत जास्त विश्वास ठेवणाऱ्या देशाला तीस वर्षांत सक्तीच्या विम्यापर्यंत यावे लागले. आपण मात्र त्यांच्या १९८४ सालापासून सुरुवात करायची म्हणतो.

आपल्याकडे प्रयोग झालाच नाही असेही नाही. एलआयसीने २००८ मध्ये 'हेल्थ प्लस' ही युनिट-लिंक्ड आरोग्य योजना आणली होती. रुग्णालयातल्या दिवसामागे ठरीव रक्कम, यादीतल्या शस्त्रक्रियांना ठरीव रक्कम, उरलेला पैसा बाजारात आणि त्या फंडातून औषधपाणी, अशी तिची रचना. ती योजना आता विकली जात नाही. पैसा वाढवणे आणि आजार भागवणे ही दोन्ही कामे एकाच कागदाला दिली की दोन्ही अर्धवट होतात, हे अशा पॉलिसी घेतलेल्यांना वेगळे सांगायला नको.

आता आकडे, कारण सल्ला देणाऱ्यांचा खरा भरवसा आकड्यांवर आहे. पस्तिशीतल्या जोडप्याने वर्षाचा तीस हजारांचा हप्ता टाळला आणि महिन्याला अडीच हजारांची एसआयपी सुरू केली असे धरू. वर्षाला १२ टक्के परतावा धरला तर पंचवीस वर्षांनी सुमारे ४७ लाख रुपये होतात. हाच आकडा ठळक अक्षरांत दाखवला जातो. पण त्याच तक्त्याच्या वरच्या ओळी कोणी वाचत नाही. तिसऱ्या वर्षाअखेरीस त्या खात्यात असतात एक लाख नऊ हजार. माणसाला छत्तिसाव्या किंवा अडतिसाव्या वर्षी हृदयविकाराचा झटका आला तर तो साठीपर्यंत थांबत नाही. पहिली दहा वर्षे हे खाते एका मोठ्या शस्त्रक्रियेलाही धड पुरत नाही, आणि नेमक्या याच दहा वर्षांत घराचा हप्ता, मुलांच्या फिया आणि आईवडिलांचे आजारपण एकत्र आलेले असते.

खालची ओळही तितकी गोंडस नाही. उपचारांचा खर्च वर्षाला दहा टक्क्यांनी वाढतो असे मानले, तर पंचवीस वर्षांनंतरचे ४७ लाख रुपये रुग्णालयाच्या खिडकीवर आजच्या साधारण ४ लाख ४० हजारांएवढे वजन बाळगतात. दहा टक्के हे माझे गृहीत आहे. कोणाला आठ धरायचे असतील तर त्याने धरून पाहावे, सात लाखांच्या आत-बाहेर उत्तर येईल. एकाच माणसाचे एक मोठे आजारपण त्यात भागेल. पेन्शन भागणार नाही.

यावर उत्तर येते की हप्ता वाढेल तशी एसआयपीही वाढवू, मग आकडा मोठा होईल. होईल, मान्य. तरीही मूळ चूक राहते, कारण ती आकड्याच्या आकारात नसून सरासरीत आहे. सल्लागार सरासरी माणसाचे बिल काढतात आणि सांगतात की एवढे तर तुम्ही स्वतः साठवू शकता. पण आजारपण सरासरीने येत नाही. शंभर घरांत काहींना कर्करोग, काहींना डायलिसिस, बऱ्याच घरांना काहीच नाही, असे ते येते. खारघरला टाटा स्मारकाचे अॅक्ट्रेक हे कर्करोग केंद्र आहे. तिथल्या बाहेरच्या बाकांवर उपचारांसाठी देशभरातून येऊन बसलेली माणसे पाहिली की त्यांच्या बचतीची सरासरी काढण्याची इच्छा होत नाही. म्हातारपण मात्र वेगळे. ते जगलेल्या प्रत्येकाला येते, केव्हा येणार ते ठाऊक असते, आणि त्याचा खर्च महिन्याच्या किराणा-वीजबिलासारखा आधी मोजता येतो. जे सगळ्यांना येणार ते प्रत्येकाने साठवावे. जे काहींनाच येणार, पण कोणाला ते माहीत नाही, ते सगळ्यांनी मिळून वाटून घ्यावे. विमा या नावाला आपण कितीही वैतागलो तरी ही वाटणी टाळून चालत नाही.

बाजाराचाही एक मुद्दा आहे. मार्च २०२० मध्ये शेअर बाजार जानेवारीच्या उंचीवरून एक तृतीयांशाहून अधिक कोसळला, आणि काही महिन्यांत वाशीच्या सिडको प्रदर्शन केंद्रात महापालिकेला कोविडच्या खाटा मांडाव्या लागल्या. ज्याचे आजारपण बाजाराच्या तळाशी आले त्याला तळाच्या भावाने युनिट विकावे लागले असते. २०२१ च्या दुसऱ्या लाटेत बाजार वर होता, हेही सांगायला हवे. म्हणून यावर मी फार भर देत नाही. माझा भर दुसऱ्या गोष्टीवर आहे, आणि तिचा उल्लेख या सल्ल्यात मला कुठेच सापडत नाही.

ती म्हणजे बायको.

सल्ल्यातली सगळी गणिते 'तुम्ही' या एका माणसाची असतात. तुमचे खाते, तुमचे आजारपण, तुमची पेन्शन. घरात माणसे दोन असतात. आपल्याकडे नवरा बहुधा वयाने मोठा, आणि बायका सर्वसाधारणपणे पुरुषांपेक्षा जास्त जगतात. म्हणजे बहुतेक घरांत आधी त्याचे शेवटचे आजारपण येते आणि मग तिची एकटीची वर्षे, कधी पाच, कधी पंधरा. खाते एकच असेल तर त्याच्या आयसीयूचे बिल तिच्या त्या वर्षांतून जाते. आणि अशा वेळी कोणती बायको म्हणेल की थांबा, हे व्हेंटिलेटरचे पैसे माझ्या म्हातारपणाचे आहेत? ती सही करते. मुलगा सही करतो. डॉक्टर 'अजून दोन दिवस बघू' म्हणतात आणि कोणीच नाही म्हणू शकत नाही. त्या क्षणी माणसाला हिशेब करता येत नाही, करूही नये. म्हणूनच तो आधी करून ठेवायचा असतो: आजारपणाचा पैसा वेगळा, तिच्या पुढच्या वर्षांचा वेगळा, आणि मधला दरवाजा बंद.

ही भीती काल्पनिक आहे असे वाटणाऱ्यांनी प्रॉव्हिडंट फंडाकडे पाहावे. आजारपणालाही आणि म्हातारपणालाही चालेल असे खाते भारतात पहिल्यापासून आहेच. त्याचेच नाव पीएफ. आजारपणासाठी सहा महिन्यांचा मूळ पगार व महागाई भत्ता किंवा सदस्याचा स्वतःचा व्याजासह हिस्सा, यांपैकी जी रक्कम कमी ती काढण्याची सोय त्याच्या नियमांत पूर्वीपासून होती. पुढे डॉक्टरांच्या दाखल्याची अट गेली, आणि आपोआप मंजूर होणाऱ्या दाव्यांची मर्यादा २०२५ मध्ये पाच लाखांवर गेली. अडलेल्या माणसाला हे सोयीचे आहे, त्याबद्दल तक्रार नाही. पण परिणाम काय झाला? खाते शेवटी बंद होताना बहुसंख्य सदस्यांच्या हाती फार थोडी रक्कम उरते, असे सांगायची वेळ कामगार मंत्रालयावरच आली. ऑक्टोबर २०२५ मध्ये पीएफच्या केंद्रीय विश्वस्त मंडळाने पैसे काढण्याचे नियम सैल करण्याचे ठरवले, तेव्हा त्याच निर्णयात २५ टक्के रक्कम कायम खात्यात राहिली पाहिजे अशी अट घातली. कोट्यवधी कामगारांची खाती सांभाळणाऱ्या संस्थेलाही शेवटी कुलूप लावावेच लागले. आपल्या एसआयपीला कुलूप कोण लावणार? मोबाइलवर दोन वेळा बोट टेकवले की ती मोडते. पीएफ संपल्यावर राहते ती ईपीएसची, म्हणजे पीएफला जोडलेल्या पेन्शन योजनेची, पेन्शन. तिची किमान रक्कम २०१४ मध्ये महिना एक हजार रुपये ठरली आणि मोर्चे निघूनही वर्षानुवर्षे तेवढीच राहिली.

आता विमा कंपन्यांबद्दल. हा लेख त्यांची वकिली करणारा नाही. खोलीभाड्याची मर्यादा ओलांडली म्हणून अख्ख्या बिलाला कात्री लावणे, रुग्ण घरी जायला निघाला की कॅशलेसची मंजुरी संध्याकाळपर्यंत लोंबकळत ठेवणे, जुना रक्तदाब फॉर्मवर लिहिला नाही म्हणून गुडघ्याचा दावा नाकारणे, हे सगळे घडते आणि त्याचा राग साठलेला आहे. विम्याऐवजी एसआयपी हा सल्ला गणितातून कमी आणि या रागातून जास्त जन्मलेला आहे, असे माझे मत आहे. राग खरा, पण निष्कर्ष चुकीचा. रेशन दुकानदार मापात मारतो म्हणून कोणी धान्य खाणे सोडत नाही. तक्रार करतो, दुकान बदलतो, कायदा बदलून घेतो. आणि इथे कायदा थोडा तरी बदलला आहे. विमा नियामकाने २०२४ मध्ये आधीपासूनच्या आजारांसाठी थांबण्याचा काळ चार वर्षांवरून जास्तीत जास्त तीन वर्षांवर आणला. सलग पाच वर्षे पॉलिसी चालली की फसवणूक सिद्ध झाल्याखेरीज माहिती लपवल्याच्या कारणावरून दावा नाकारता येत नाही. पूर्वी ही मुदत आठ वर्षे होती. जानेवारी २०२५ पासून ज्येष्ठांचा हप्ता वर्षात दहा टक्क्यांहून अधिक वाढवायचा तर कंपनीने आधी नियामकाशी बोलले पाहिजे. २२ सप्टेंबर २०२५ पासून वैयक्तिक आरोग्य विम्यावरचा १८ टक्के जीएसटी शून्य झाला. हे पुरेसे आहे का? नाही. पण यातल्या पहिल्या दोन सोयींचे घड्याळ पॉलिसी घेतल्याच्या दिवशी सुरू होते. तीन वर्षे, पाच वर्षे ही त्याचीच मोजली जातात ज्याने चाळिशीत सही केली. पंचावन्नपर्यंत एसआयपी करून साखर आणि स्टेंट घेऊन विम्याच्या दारात उभा राहणाऱ्याला वयाच्या अटीवरून परत पाठवत नाहीत, हे खरे. हप्त्याचा आकडा सांगून पाठवतात.

आता नवी मुंबईचे स्वतःचे उदाहरण पाहू, कारण अमेरिका-सिंगापूरपर्यंत जायची खरे तर गरजच नव्हती. हा प्रश्न या शहरात आधीच सोडवलेला आहे, आणि तो सोडवला एक्सेल शीट न वापरणाऱ्या माणसांनी. मशीद बंदरच्या गोदामांत टोळीटोळीने पाठीवर गोणी वाहणारे सातारा-सांगली-जुन्नरचे हमाल. आज नवा, उद्या जुना, मालक कोण ते ठाऊक नाही, पडला तर दुसरा उभा. अण्णासाहेब पाटलांच्या नेतृत्वाखाली ते संघटित झाले आणि १९६९ मध्ये महाराष्ट्राने माथाडी कायदा केला. त्याची रचना आजही अभ्यासावी अशी आहे. व्यापारी मजुरी थेट हमालाच्या हातात देत नाही. ती माथाडी मंडळाकडे भरतो, आणि मजुरीवर ठरावीक टक्के लेव्ही वेगळी भरतो. मंडळात मालक, कामगार आणि सरकार तिघेही. त्या लेव्हीतून पीएफ, ग्रॅच्युइटी, बोनस, पगारी रजा आणि औषधोपचार. कांदा-बटाटा, मसाला, धान्य, फळे-भाजी असे बाजार टप्प्याटप्प्याने खाडी ओलांडून तुर्भ्याला आले, पाठोपाठ माणसे कोपरखैरणे-घणसोलीला आली, आणि कोपरखैरण्यात माथाडींचे रुग्णालय उभे राहिले.

यातला बारकावा पाहा. पीएफ आणि ग्रॅच्युइटी प्रत्येकाच्या नावावर वेगळी. ज्याने जितकी ओझी उचलली तितके त्याचे. रुग्णालय मात्र सगळ्यांचे. ज्याच्या मणक्याची चकती सरकली त्याला 'तुझ्या नावावर किती साठलेत ते बघू' असे तिथे विचारायचे नाही. म्हातारपण ज्याचे त्याचे, आजारपण टोळीचे, ही विभागणी त्यांनी कोणा अर्थतज्ज्ञाला न विचारता केली, कारण पन्नास किलोची गोणी पाठीवर असणाऱ्या माणसाला ठाऊक असते की पाय कोणाचाही घसरू शकतो. या व्यवस्थेला आज कीड लागलेली नाही असे मी म्हणत नाही. लेव्ही थकते, बोगस टोळ्या घुसतात, माथाडीच्या नावाने खंडणी मागणारेही आहेत, आणि यंत्रांनी कामच कमी होत चालले आहे. पण मंडळ दुरुस्त करायला हवे म्हणजे प्रत्येक हमालाला एक आरोग्य बचत खाते काढून द्यायला हवे, असे त्या बाजारात कोणी म्हणून दाखवावे.

ठाणे-बेलापूर पट्ट्यातल्या कारखान्यांचेही असेच. तिथल्या कामगाराला ईएसआय ही कामगार विमा योजना लागू असते, आणि किमान पाच वर्षे विमाधारक राहून निवृत्त झालेल्याला व त्याच्या जोडीदाराला वर्षाला अवघे १२० रुपये भरून वैद्यकीय सोय पुढे चालू ठेवता येते. किती जणांना हे माहीत असते? त्याहून वाईट म्हणजे एकवीस हजारांची पगारमर्यादा. ती २०१७ पासून आहे; पगार ती ओलांडून गेला की माणूस योजनेबाहेर पडतो आणि निवृत्तीच्या वेळी ही सोय त्याच्या हाती लागतेच असे नाही. करसवलतीचे खाते मागणाऱ्यांनी ही मर्यादा वाढवून मागितली असती, तर तुर्भे-रबाळ्यातल्या कितीतरी घरांचे भले झाले असते.

कारण करसवलतीचा फायदा कर भरणाऱ्यालाच होतो, आणि जितका जास्त कर तितका जास्त फायदा. हप्त्यावरची वजावट, म्हणजे ८०डी, ही जुन्या करप्रणालीत स्वतःच्या कुटुंबासाठी पंचवीस हजार आणि ज्येष्ठांसाठी पन्नास हजारांपर्यंत होती. नव्या करप्रणालीत ती नाहीच, आणि आता बहुतेक पगारदार तिकडेच आहेत. म्हणजे उद्या सरकारने भारतीय एचएसए आणले तरी त्याची गोडी वरच्या थरालाच. सोसायटीतली भांडीवाली, गेटवरचा वॉचमन, पाम बीच रस्त्यावर डांबर टाकणारा मजूर यांना त्यातून काहीच मिळणार नाही, आणि त्यांच्यासाठी खर्चायच्या पैशातून ती सवलत जाणार. त्यांच्यासाठी ज्या योजना आहेत, महात्मा फुले जन आरोग्य योजना किंवा सत्तरीपुढच्या सर्वांना ऑक्टोबर २०२४ पासून मिळणारे पाच लाखांचे आयुष्मान कवच, त्या वाटून घेण्याच्याच योजना आहेत. त्यांत शहरातली किती रुग्णालये आहेत, खाट मिळते का, याची भांडणे करावीत. ती भांडणे उपयोगाची आहेत.

मग औषधपाण्यासाठी बाजूला पैसे ठेवूच नयेत का? जरूर ठेवावेत. विमा न देणारे खर्च म्हातारपणी कमी नसतात: महिन्याच्या गोळ्या, दाताची कवळी, कानाचे यंत्र, चष्मा, फिजिओथेरपी, आणि सगळ्यात मोठा म्हणजे घरी ठेवावी लागणारी आया. हा खर्च अनिश्चित नाही. तो जवळजवळ सगळ्यांना येतो, महिन्याला येतो, म्हणून तो साठवायचाच खर्च आहे. त्यासाठी वेगळे खाते असावे, लिक्विड फंडात किंवा बँकेत, आणि ते पेन्शनच्या रकमेत मिळवून आपल्याकडे किती आहे ते सांगू नये, कारण ते खर्चूनच जाणार आहे. अमेरिकेतल्या खात्याचे मूळ काम हेच होते. तेवढे उचलायला हरकत नाही.

राहतो तो नेहमीचा शेवटचा प्रश्न: पंचवीस वर्षे हप्ता भरला आणि एकदाही रुग्णालयात गेलो नाही, तर पैसे फुकट गेले ना? गेले. शेजारच्या इमारतीतल्या कोणाच्या तरी केमोथेरपीला गेले. ज्याला हे पटत नाही त्याने निदान एवढे करावे: गट विम्याच्या भरवशावर साठी गाठू नये. पंचेचाळिशीच्या आत स्वतःच्या आणि जोडीदाराच्या नावाने वेगळी पॉलिसी घ्यावी. नोकरी सुटताना गट विम्यातून त्याच कंपनीच्या वैयक्तिक पॉलिसीत जाण्याची सोय असते. तिचा अर्ज एचआरकडून शेवटच्या दिवशी नव्हे, त्याआधीच मागून घ्यावा, आणि आधीच्या सलग वर्षांची नोंद नव्या कागदावर आली आहे का ते वाचून पाहावे.